रायपूरच्या शनिवारचा चार्ट

मधू, तुझ्या तेरवीच्या पंगतीत मी आणि बांते भांडलो. आवाज चढले नाहीत, पण वाढणाऱ्या बाया दोनदा थबकून गेल्या. भांडण कशावरून, तर आपण पहिल्यांदा लोकांसमोर कुठे वाजवलं यावरून. बांते म्हणे भिलाई-३ च्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये. मी म्हटलं, नाही, आपल्या सेक्टरच्या गणपतीत. तू असतास तर तिसरंच ठिकाण काढलं असतंस, आणि इतक्या ठामपणे की आम्ही दोघांनी मुकाट्याने वरणावर तूप मागितलं असतं.

तुझी रेवा ऐकत होती. पुण्याहून आल्यापासून तिच्या डोक्यात एकच. शोकसभेत वाटायला एक पान छापायचं, त्यात पप्पांच्या बँडबद्दल लिहायचं. तिने बांतेला विचारलं, मला विचारलं, आपल्या आईला, शोभा वहिनींना, विचारलं, आणि वही मिटून ठेवली. "काका, तुम्ही सगळे अलग-अलग सांगून राहिले. मी काय लिहू?" तिचा प्रश्न बरोबर होता. बँडमध्ये माणसं तीन, त्यातला एक गेलेला, आणि उरलेल्या दोघांचं साध्या नावावरही एकमत नाही. 'स्लॅग' हे नाव बांते म्हणतो त्याने सुचवलं. मी म्हणतो मी. तू म्हणायचास, "लोखंड काढून घेतल्यावर जे उरते ते आपण. हे मीच म्हटलं होतं बे." आता वाटतं, खरंच तूच म्हटलं असशील. असलं वाक्य माझ्या तोंडून निघणं कठीण.

रेवाला मी आपल्या गोंधळाचं कारण समजावून सांगितलं. मी भिलाईच्या स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसचा कारकून, सगळ्यांच्या पाळ्यांचा चार्ट लिहिणारा, कायम जनरल शिफ्ट. तू आणि बांते फिरत्या ड्यूटीवर, तेही वेगळ्या गटांत. तू पहिल्या पाळीत तर तो दुसऱ्या. महिन्यातून चार-पाच संध्याकाळी तिघं एकत्र सापडायचो. बाकी वेळ कधी माझी गिटार आणि बांतेचा ढोल, कधी गिटार आणि तुझा बाजा, कधी तुम्ही दोघंच. माउथ ऑर्गनला तू शेवटपर्यंत बाजाच म्हणालास. जो हजर नसायचा त्याला दुसऱ्या दिवशी सगळं साग्रसंगीत ऐकवलं जायचं, आणि पाच-सात वर्षांनी तो ते स्वतः पाहिल्यासारखं सांगायला लागायचा. म्हणजे आपले तीन बँड होते, मधू. एकाच नावाचे.

पण या गोंधळाची मला सोय झाली, हे मी रेवाला सांगितलं नाही. सगळेच वेगळं सांगत असतील तर त्यात एखादं खोटं सहज खपून जातं.

भिलाई-३ च्या रेल्वे कॉलनीत एक निवृत्त गार्डसाहेब राहायचे, त्यांच्याकडे अमेरिकेतल्या काळ्या मजुरांच्या ब्लूज गाण्यांच्या कॅसेटींचा खोका होता. एवढ्यावर तरी आपलं तिघांचं एकमत आहे. त्यांच्या व्हरांड्यात पहिल्यांदा ते संगीत ऐकलं तेव्हा मी तोंडावर गंभीर भाव आणून बसलो होतो, कारण समजत काहीच नव्हतं आणि तसं दाखवायचं नव्हतं. तू मात्र हसायला लागलास. म्हणालास, "हे तं आमच्या दंडारीसारखं आहे. माहा आजा असाच रडे गाता गाता." तुझ्या आज्याचं गाव भंडाऱ्याकडचं. तिथून तुझे वडील प्लांटमध्ये लागले आणि गावच्या नाचगाण्याची ती दंडार मागे राहिली. मी तेव्हा तुला म्हटलं होतं, काहीही काय जोडतोस. आज कबूल करतो, त्या व्हरांड्यात गाणं फक्त तुला कळलं होतं.

ब्लूजमध्ये पहिली ओळ दोनदा गातात आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर देतात. ही रचना गार्डसाहेबांनी बोटं मोजून समजावली. तू लगेच म्हणालास, "पहिल्यांदा सांगितलं तं कोणी आयकत नाही, मनून दोनदा." गार्डसाहेबांनी तुझ्या पाठीवर थाप मारली. मला राग आला होता, कारण प्रश्न मी विचारला होता.

अहिवाऱ्याच्या मंडईच्या जत्रेतला तो प्रयोग आठव. बांते सांगतो, लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मला आठवतं, दुसऱ्या गाण्यातच वीज गेली आणि लोक कंटाळून भज्यांच्या गाड्याकडे वळले. त्याच्यापुढे काय झालं ते आम्ही दोघंही सारखं सांगतो. माइक बंद, मी पाठ केलेलं इंग्रजी गाणं अर्ध्यावर थांबलेलं, आणि तू स्टेजच्या कडेला पाय सोडून बसलास आणि तुझ्याच बोलीत सुरू झालास:

सकाळपासून भट्टीपाशी उभा, मले कोणी नाही विचारत,
अरे सकाळपासून भट्टीपाशी उभा, मले कोणी नाही विचारत,
बायको म्हणते जेवून घ्या जी, घास काही नाही उतरत.

भज्यांच्या गाड्याकडचे लोक परत आले. जवळच्या खाणीवर काम करणारे काहीजण तर अगदी पुढ्यात येऊन बसले. एका म्हाताऱ्याने तुला विचारलं, कोन गाँव के हस बाबू? तू म्हणालास, भिलाई. त्याला पटलं नाही. भिलाई हे कुणाचं गाव असतं का, असा त्याचा चेहरा. त्या दिवसापासून आपण खरे बँड झालो, आणि त्याच दिवसापासून मला तुझी लाज वाटायला लागली.

हे लिहायला मला एवढी पानं लागली. लाज. दुसरा शब्द सापडला असता तर वापरला असता.

तुला माझं घर माहीत होतं. वडील नागपूरचे, प्लांटमध्ये हेडक्लार्क, घरात शुद्ध बोलण्याचा धाक. तू दारात येऊन "सुऱ्या हाये काय?" म्हणायचास की आई आत म्हणायची, आली तुझी प्लांटची मराठी. मी बाहेर तुझ्यासारखंच बोलायचो आणि उंबरठ्याच्या आत आईसारखं. बँडच्या बाबतीतही तसंच केलं. अहिवाऱ्यात, सेक्टरच्या गणपतीत तुझं गाणं चालेल. मोठ्या ठिकाणी इंग्रजीच हवं, असं मी धरून चाललो. तू इंग्रजी देवनागरीत लिहून गायचास आणि अर्थ विचारला की म्हणायचास, "अर्थ बांतेले विचार, तो ढोल वाजवते."

मग राज्य नवं झालं. रायपूर राजधानी झाली आणि सगळीकडे कार्यक्रमांचा उत्साह. एका कॉलेजच्या मैदानावर वाजवायचं बोलावणं आपल्याला आलं. शनिवारची संध्याकाळ. पस्तिशी ओलांडलेले तीन बाप्ये महिनाभर शाळकरी पोरांसारखे वागले. बांतेने नवा शर्ट शिवला. तू भट्टीच्या गाण्याला आणखी दोन कडवी जोडलीस. मी ती कडवी ऐकली, छान झाली म्हटलं, आणि घरी जाताना ठरवलं की हे रायपुरात होता कामा नये.

आता तेरवीकडे परत येतो. जेवणं आटोपली, माणसं पांगली, तेव्हा रेवाने तो प्रश्न विचारला. "काका, पापा ने गाना छोड़ा क्यों? रायपूरनंतर कधी गायलेच नाही ते."

बांते म्हणाला, "त्या हप्त्यात भट्टीचं शटडाऊन होतं, सारे दुरुस्तीवर. तुह्या बाबाले सुट्टी नाही भेटली. मंग मन उतरलं माणसाचं."

शोभा वहिनी पानं गोळा करत होत्या. त्या थांबल्या. म्हणाल्या, "शटडाऊन नव्हतं भाऊजी. मी सांगतो तुले, रेवा. तुह्या बाबाले भेव वाटलं. कार्यक्रम झाल्यावर दोन दिवसांनी आले अन् म्हणाले, माह्यानं नाही होत त्या इंग्रजी लोकाइसमोर. मीच ड्यूटी मागून घेतली, असं म्हणाले. तवापासून हिंमत गेली ते गेलीच." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुमाले तं माहीतच असन. चार्ट तुमच्याच हाती होता."

मी मान हलवली. मधू, मी मान हलवली. रेवाने वही उघडून लिहून घेतलं.

तुला सांगायची गरज नाही, तरी लिहितो. त्या शनिवारी बांतेची सुट्टी होती आणि तुला पहिली पाळी होती. दोन वाजता सुटून चारला तू रायपुरात असतास. मी चार्ट काढला, तुझ्या नावापुढच्या खुणेवर व्हाइटनर लावलं, सुकेपर्यंत फुंकर मारली, आणि दुसरी पाळी लिहिली. दोन ते दहा. फोरमन न पाहता सही करायचा, त्याने केली. नुकत्याच बदलून आलेल्या एका इंजिनिअरला मी आधीच विचारून ठेवलं होतं. तो सफाईदार इंग्रजी गायचा. रायपूरला तो गायला, लोकांनी रीतसर टाळ्या वाजवल्या, संयोजकांनी शाली दिल्या. वर्षभरात त्या इंजिनिअरची बदली झाली आणि त्याचं नावही आम्हा दोघांना आता आठवत नाही. इतक्यासाठी मी ते केलं.

सोमवारी तू टाइम ऑफिसच्या खिडकीशी आलास. चार्टवरच्या पांढऱ्या डागावर बोट ठेवलंस. "हे कोणं बदलवलं?" मी म्हटलं, आमच्या ऑफिसच्या साहेबांनी. तू म्हणालास, "साहेब तं सुट्टीवर होते, सुऱ्या." मी रजिस्टर उघडून बसलो. माझा राग बघ कसा होता, मधू. मला तुझाच राग आला. एवढं कशाला लावून धरायचं, एक कार्यक्रम तर होता, असं मी मनात तुलाच सुनावत होतो.

नंतर तू भांडलास, पण कधी चारचौघांत नाही. वर्षातून एकदा-दोनदा, आपण दोघंच असलो की. सिव्हिक सेंटरच्या बाकावर, नाहीतर भाजी घेताना. "तू सांग फक्त. मी काही करत नाही. मीच बदलवलं म्हण, विषय संपला." आणि मी, साहेबांनी. दरवेळी साहेबांनी. साहेब निवृत्त झाले, भोपाळला गेले, वारले, तरी माझ्या तोंडी साहेब. तू शिवी द्यायचास आणि मग विचारायचास, चहा घेतो काय. या चहाची मला सवय झाली होती. मला वाटायचं, तू चहा विचारतोस म्हणजे फार काही बिघडलेलं नाही.

शेवटचं भेटलो ते तुझ्या अंगणात. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं आणि तू खुर्ची टाकून बसला होतास, कारण डॉक्टर तुला सांगणारे कोण. छातीवर हात ठेवून बोलत होतास. म्हणालास, "सुऱ्या, आता तरी सांग." मी तुझ्याकडे पाहिलं. तू खंगला होतास आणि मला दया आली, तुझी आली की माझी कोण जाणे. त्या दयेच्या भरात खरं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "मले आता आठवत नाही, मधू. किती वर्षं झाली." तू हसलास. वीस वर्षांत या विषयावर पहिल्यांदाच. म्हणालास, "हे चांगलं आहे तुहं." चहा विचारला नाहीस. नऊ दिवसांनी तू गेलास.

तोपर्यंत मी असं समजून होतो की हे भांडण तू घरी सांगितलं असशील. वहिनी माझ्याशी इतक्या चांगल्या कशा वागतात, याचं मला मनातून आश्चर्य वाटायचं. दिवाळीचा डबा, रेवाच्या लग्नात बायकोला साडी, "भाऊजी, बसा ना जी." तेरवीच्या दिवशी कळलं. तू त्यांना वेगळंच सांगून ठेवलं होतंस. स्वतःला भित्रा ठरवलंस आणि माझ्यासाठी तुझ्या घराचं दार उघडं ठेवलंस. हे तू माझ्यासाठी केलंस, असं मी चार दिवस मानत होतो. कृतज्ञतेने भरून आलं होतं मला. तुझ्या फोटोपुढे हात जोडले, डोळे पुसले, बांतेला कुरुदला त्याच्या नव्या घरी जाऊन तुझ्या मोठेपणाच्या गोष्टी सांगितल्या, अर्थात चार्ट वगळून.

बांतेने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मोठा होता तं गायला कावून नाही मंग? मी कितीकदा गेलो त्याच्याकडे, ढोल घेऊन. म्हणे, बाजा हरवला. बाजा तं खिशात राहे त्याच्या." बांते अजूनही शटडाऊनवरच ठाम आहे. त्याच्या आठवणीत त्या आठवड्यात भट्टी बंद होती. मी त्याचं म्हणणं खोडलं नाही.

शोकसभा आपल्या मंडळाच्या हॉलमध्ये झाली. रेवाने पान छापलं होतं. नीट लिहिलं होतं पोरीने. गार्डसाहेबांच्या कॅसेटी, अहिवारा, भट्टीच्या तीन ओळी, सगळं. आणि शेवटी हे: मोठ्या स्टेजच्या भीतीने पप्पांनी गाणं सोडलं, आणि माणसाने घाबरू नये हे मी त्यांच्याकडे पाहून शिकले. तिने ते वाचून दाखवलं. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. नंतर बोलायला माझं नाव पुकारलं. मी अहिवाऱ्याची वीज गेल्याचा किस्सा सांगितला, म्हाताऱ्याची नक्कल केली, लोक हसले, दोघी-तिघींनी पदर डोळ्यांना लावला. भाषण उत्तम झालं असं सगळ्यांनी सांगितलं. माझं मराठी शुद्ध आहेच.

घरी येऊन ते पान पुन्हा वाचलं आणि जेवता आलं नाही. तू भित्रा नव्हतास. अंधारात, माइक नसताना, तीनशे माणसांना गाड्यावरून परत आणणारा माणूस भित्रा नसतो. आणि आता हे कायमचं छापून झालं होतं. तुझी नातवंडं हेच वाचतील.

काल दुपारी मी तुझ्या घरी गेलो. वहिनी एकट्याच होत्या, तांदूळ निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं. चार्ट मी बदलला. त्याने ड्यूटी मागितली नव्हती. मला त्याच्या गाण्याची लाज वाटत होती म्हणून मी बदलला, आणि त्याने वीस वर्षं विचारलं तरी कबूल केलं नाही. बोलताना मला वाटत होतं, हे ओझं उतरलं की मी रडेन आणि त्या म्हणतील, जाऊ द्या भाऊजी. लाजिरवाणी गोष्ट आहे, पण तशी माझी अपेक्षा होती.

वहिनींनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मी त्याइले वीस वर्षं भित्रा म्हटलं, भाऊजी."

त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"गणपतीतले पोरं येत. काका, एक गाणं म्हणा. तं मीच दारातून म्हणो, जाऊ द्या रे, त्याइले भेव वाटते. हासत हासत म्हणो. लोकाइसमोर म्हणो. रेवालेही मीच शिकवलं, बाबासारखी भेऊ नको. अन् ते बसून आयकत." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुमचं सांगून झालं. आता मी कोणाले जाऊन सांगू?"

मी माफ करा म्हटलं. त्या म्हणाल्या, "माफीचं नका काढू." मग सूप पुन्हा ओढून घेत, "मी ओळखतो त्याइले. तुमाले वाचवाले नाही केलं त्यानं. भेलो म्हणणं सोपं गेलं. आपल्या दोस्ताले आपली लाज वाटते, हे बायकोले कसं सांगन माणूस?"

मधू, चार दिवस मी जे तुझं औदार्य म्हणून मिरवत होतो, ते तुझं दुखणं होतं. ते वहिनींना एका मिनिटात कळलं आणि मला वीस वर्षांत नाही.

मी निघायला वळलो तर त्या म्हणाल्या, "बसा. रेवाले फोन लावा. माह्यासमोर लावा." मी खुर्चीत बसलो, चष्मा शोधला, नंबर लावला. ती ऑफिसात होती. म्हणाली, "हां काका, बोला." तू जेवढं मागत होतास तेवढंच मी तिला सांगितलं. चार्ट साहेबांनी नाही, मी बदलला. तुझे पप्पा घाबरले नव्हते. पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग तिने विचारलं, "पापा को पता था?"

मी हो म्हटलं. पहिल्या सोमवारपासून. तिने पुढे काही विचारायच्या आत शोभा वहिनींनी माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि त्या आतल्या खोलीत गेल्या.